कॉफी तुमची, कार्बन कुणाचा?

एक एस्प्रेसो म्हणजे हवेत २८० ग्रॅम कार्बन. किंवा फक्त ६०. हा फरक तुमच्या स्टीलच्या मगमुळे पडत नाही आणि कागदी स्ट्रॉमुळे तर नाहीच. तो पडतो कॉफीच्या झुडपाच्या बुंध्याशी. कूर्गच्या एका मळ्यात टेप आणि कॅल्क्युलेटर घेऊन केलेली ही मोजणी.

दिवसाला किती कॉफी रिचवता? खरं सांगा. सकाळी डोळे उघडायला एक, जेवणानंतर डोळे उघडे ठेवायला एक, आणि क्लायंटचा कॉल लांबला की तिसरी. आपल्या पिढीचं निम्मं काम कॉफीवर चालतं आणि उरलेलं निम्मं कॉफी प्यायच्या निमित्तानं होतं. डायबेटिसवाल्या काकांनी साखर मोजली, जिमवाल्यांनी कॅलरी मोजल्या. कार्बन मात्र कुणी मोजला नव्हता, निदान आपल्या टेबलावर तरी नाही.

लंडनमध्ये दोघांनी मोजला. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या कारमेन नॅब आणि मार्क मॅस्लिन यांनी २०२० मध्ये ब्राझील आणि व्हिएतनामच्या अरेबिका कॉफीचा हिशेब मांडला. खत, पाणी, प्रोसेसिंग, वाहतूक, सगळं धरून. उत्तर आलं ते असं : नेहमीच्या पद्धतीनं पिकवून पाठवलेल्या एक किलो हिरव्या, म्हणजे न भाजलेल्या, कॉफीमागे १५.३३ किलो कार्बन डायऑक्साइड. तीच कॉफी सांभाळून पिकवली, सांभाळून पाठवली तर ३.५१ किलो. एका एस्प्रेसोला साधारण १८ ग्रॅम हिरवी कॉफी लागते. त्यावरून ते २८० विरुद्ध ६० ग्रॅम. आणि नेहमीच्या कॉफीचा लाटे घेतलात तर दुधासकट ५५० ग्रॅम.

आता आपला हिशेब करू. रोज दोन लाटे, वर्षाचे २५० वर्किंग डे. झाले २७५ किलो. एक लिटर पेट्रोल जाळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे हे १२० लिटर पेट्रोल झालं. पन्नासचं ॲव्हरेज देणाऱ्या बाइकवर जुन्या हायवेनं पुणे-मुंबई-पुणे वीस वेळा करून या, तेवढं. कॉफी पिता पिता!

पण थांबा, लगेच घाबरून ग्रीन टीवर जाऊ नका. हे आकडे ब्रिटनमध्ये पोचलेल्या कॉफीचे आहेत आणि त्यातली मोठी घट एका साध्या गोष्टीनं आली होती : कॉफी विमानाऐवजी जहाजानं पाठवायची. आपली कॉफी कुठून येते? ती विमानानंही येत नाही आणि जहाजानंही नाही, घाट चढून ट्रकनं येते. देशातली जवळपास ७० टक्के कॉफी कर्नाटकात पिकते आणि त्यातही सगळ्यात जास्त कूर्गमध्ये, म्हणजे आताच्या कोडगू जिल्ह्यात. (हो, कॉफी महाराष्ट्रातही होते. चिखलदऱ्याला गेलात तर मळे बघून या. पण तेवढ्यावर हिंजवडीतलं एक टॉवरही आठवडाभर जागं राहणार नाही.) विमानाचा मुद्दा बाद झाला, मग उरतो तो मळा. म्हणून फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात रजा टाकली आणि कूर्ग गाठलं.

टेप घेऊन जंगलात

मळा छोटा होता, पंधरा एकरांचा. मालक साठीचे, मोजकं हिंदी, भरपूर इंग्रजी आणि मधूनच स्वतःशी कोडवा भाषेत पुटपुटणारे. त्यांची पुतणी वनशास्त्र शिकते. मोजणीची कल्पना तिची. काकांच्या मते हे सगळं 'कॉलेजचं खूळ', पण टेपचं दुसरं टोक धरायला तेच पुढे.

बाहेरून येणाऱ्याला पहिला धक्का बसतो तो हा, की कॉफीचा मळा मळ्यासारखा दिसतच नाही. चहाचे मळे कसे कंगवा फिरवल्यासारखे असतात. इथे आपण चक्क जंगलात शिरतो. वर मोठमोठी झाडं, त्यांच्या अंगावर चढलेले मिऱ्याचे वेल आणि खाली, डोक्याच्या उंचीला, कॉफी. झाडांची नावं कानडीत ऐकली आणि हळूहळू लक्षात आलं, ही तर आपलीच मंडळी. नंदी म्हणजे आपला नाणा. मत्ती म्हणजे ऐन. अत्ती म्हणजे उंबर. बीटे म्हणजे शिसव. फणसाला तर ओळख द्यायला नकोच. सह्याद्री इथवर येतो, तोच हा. फणस पिकले की हत्तीही येतात, आणि ते काही टेप घेऊन येत नाहीत, असं काका म्हणाले.

तर मोजणी. पद्धत इतकी सोपी आहे की तुम्ही सोसायटीच्या आवारातही करू शकता. जमिनीपासून १.३ मीटरवर, म्हणजे छातीच्या उंचीला, बुंध्याभोवती टेप गुंडाळायची. आमच्या नाण्याचा घेर भरला १५७ सेंटिमीटर. त्याला ३.१४ नं भागलं की व्यास, ५० सेंटिमीटर. मोबाइलवरच्या एका ॲपनं उंची काढली, सुमारे २० मीटर. त्या जातीच्या लाकडाची घनता तक्त्यात मिळते. हे तीन आकडे एका ठरलेल्या सूत्रात घातले की झाडाचं वाळलेलं वजन येतं : दीड टनाहून थोडं जास्त, तेही मुळं सोडून. त्यातला ४७ टक्के कार्बन. आणि कार्बनचं कार्बन डायऑक्साइडमध्ये रूपांतर करायला ३.६७ नं गुणायचं, कारण कार्बनच्या अणूचं वजन १२ आणि कार्बन डायऑक्साइडच्या रेणूचं ४४. दहावीचं सायन्स, बाकी काही नाही.

उत्तर : सुमारे २.७ टन. एका झाडात! म्हणजे माझ्या दोन-लाटे-रोजच्या हिशेबानं जवळजवळ दहा वर्षांची कॉफी एका नाण्यानं पोटात धरून ठेवलेली.

मी खूश. "म्हणजे तुमची कॉफी कार्बन फ्री!" असं म्हणूनही टाकलं. पुतणीनं मान हलवली. "मॅडम, हा बॅलन्स आहे. फूटप्रिंट म्हणजे खर्च."

हा फंडा नीट समजून घ्या, कारण पॅकेटांवरची निम्मी फसवाफसवी इथेच होते. झाडात साठलेला कार्बन म्हणजे आजोबांनी ठेवलेली एफडी. ती मोडली नाही तर मोडली नाही, तेवढंच. तिच्या जोरावर दर महिन्याचं क्रेडिट कार्डचं बिल फिटत नाही. फिटलंच तर त्या वर्षाच्या व्याजातून, म्हणजे झाड त्या वर्षी जेवढं वाढलं तेवढ्यातून. आमच्या नाण्याचा घेर वर्षात दोन सेंटिमीटर वाढला तर साधारण ६५ ते ७० किलो कार्बन डायऑक्साइड नव्यानं साठतो. आता बिल किती येतं ते बघायचं. त्यासाठी आम्ही झाडं सोडून गोदामात गेलो.

पांढरी गोणी

गोदामात मिऱ्याचा वास होता आणि कोपऱ्यात युरियाच्या गोण्या. ४५ किलोची एक. सरकारी सबसिडीमुळे किंमत अडीचशेच्या आसपास, म्हणजे मॉलमधल्या एका फ्लेवर्ड लाटेएवढी. पोटॅश घ्यायला जा, डीएपी घ्यायला जा, खिसा फाटतो. युरिया स्वस्त, आणि टाकला की आठ-पंधरा दिवसांत पानं हिरवीगार. कुठला शेतकरी नाही म्हणेल?

पण त्या गोणीत काय आहे ते बघा. युरियात ४६ टक्के नायट्रोजन. म्हणजे ४५ किलोत २०.७ किलो. तो सगळा काही झुडपाला मिळत नाही. मातीतले जिवाणू त्यातल्या थोड्या भागाचा नायट्रस ऑक्साइड करतात. (डेंटिस्टकडचा लाफिंग गॅस तो हाच. इथे मात्र हसण्यासारखं काही नाही.) जगभरच्या हिशेबात हा भाग १ टक्का धरतात. एक टक्का म्हणजे काहीच नाही असं वाटतं ना? पण नायट्रस ऑक्साइडचा एक किलो शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या २७३ किलोंएवढी उष्णता धरतो. कागदावर मांडलं : एका गोणीतून सव्वातीनशे ग्रॅम नायट्रस ऑक्साइड, म्हणजे ८९ किलो कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा. शिवाय युरिया मातीत विरघळताना त्यातला स्वतःचा कार्बन सुटतो, तो ३३ किलो. एकूण १२२.

एक गोणी, १२२ किलो. आणि हे फक्त शेतातलं. युरिया नैसर्गिक वायूपासून बनतो, त्या कारखान्यातला धूर यात धरलेलाच नाही. वर आणखी एक गोम आहे. आंतरराष्ट्रीय हवामान समितीनं २०१९ मध्ये आपली पद्धत सुधारली, तेव्हा ओल्या हवामानात रासायनिक खतासाठी १ ऐवजी १.६ टक्के धरावेत असं सांगितलं. आणि कोडगू ओलं नाही तर काय? मडिकेरीत वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तसं धरलं तर तीच गोणी १७५ किलोंवर जाते.

आता मघाचा नाणा आठवा. वर्षभर उभा राहून त्यानं साठवले ६५-७० किलो. एका गोणीनं ते फस्त केले आणि वर उधारी ठेवली.

हिशेब सोपा व्हावा म्हणून समजा एकरी दोन गोण्या युरिया आणि एकरी ४०० किलो कॉफी. म्हणजे किलोमागे ६०० ग्रॅम, ओल्या हवामानाच्या हिशेबानं ९०० ग्रॅमच्या जवळ. मिश्र खतं, पंपाचं डिझेल, वाळवण, ट्रक हे सगळं वेगळं. डिझेलचा मुद्दा कूर्गात छोटा नाही. रोबस्टाला फेब्रुवारी-मार्चमध्ये एक सणसणीत सर लागते, तिच्याशिवाय फूल उमलत नाही. पूर्वी ती आभाळातून यायची. आता भरवसा नाही, म्हणून तळ्यातून पंपानं उपसून स्प्रिंकलरनं पाऊस पाडतात. लिटरभर डिझेल जळलं की २.७ किलो. मी गेले तेव्हा शेजारच्या मळ्यात पंपाची धडधड चालूच होती, आणि दोन दिवसांनी तिकडची सगळी झुडपं पांढरीशुभ्र. मोगऱ्यासारखा वास. डिझेलचा पाऊस असला तरी फूल ते फूल.

एवढं सगळं असूनही या फुटकळ बेरजेत एक गोष्ट लख्ख दिसते. कॉफीच्या शेतात कार्बन कमी करायचा तर सोलर पॅनल नंतर, इलेक्ट्रिक ट्रक नंतर, पहिली ती पांढरी गोणी. आणि ती कमी करायला हायफाय काही लागत नाही. माती तपासायची. खत एका दमात न टाकता हप्त्याहप्त्यानं द्यायचं, धो-धो पावसाच्या तोंडावर टाकायचं नाही. कॉफीची सालं कुजवून परत झुडपाखाली घालायची. आणि सावलीला शेंगावर्गातली झाडं लावायची, जी हवेतला नायट्रोजन स्वतःच मातीत आणतात. कूर्गात त्याला दादाप म्हणतात, आपल्या पांगाऱ्याचा भाऊ. युरियाचा कारखानाच म्हणा, फक्त पानाफांद्यांचा.

कुठल्या मळ्यानं नेमकं काय करावं हे सांगणारी साधनंही आहेत. 'कूल फार्म टूल' नावाचं एक गणकयंत्र शेतकऱ्यांना वापरता येतं. खत किती, डिझेल किती, झाडं किती हे भरलं की उत्तर येतं. पुतणीनं ते लॅपटॉपवर भरलं आणि वर्तुळाच्या आकृतीत खताचा घास एवढा मोठा आला की काका चष्मा पुसायला लागले.

सावली विकायची की ठेवायची?

खरा पेच मात्र त्याच संध्याकाळी अंगणात बसल्यावर कळला. आणि तो गोणीपेक्षा अवघड आहे.

भारतातली कॉफी सावलीत वाढते, हे आपलं वैशिष्ट्य. ब्राझीलमध्ये बहुतेक कॉफी उघड्या उन्हात, यंत्रानं तोडता येईल अशा रांगांमध्ये. आपल्याकडे वर छप्पर. हौस म्हणून नाही. अरेबिकाला ऊन जास्त झालं की खोडकिडा धरतो, आणि अशा उतारावर मोठ्या मुळांशिवाय माती टिकत नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये कोडगूत डोंगर खाली आले तेव्हाचे फोटो तुम्हीही बघितले असतील.

पण आता देशातली सत्तर टक्क्यांच्या आसपास कॉफी रोबस्टा आहे. तिला ऊन चालतं. आणि २०२४ मध्ये रोबस्टाचे जागतिक भाव कित्येक दशकांतल्या उच्चांकाला गेले. वरचं छप्पर थोडं विरळ केलं की झुडपाला जास्त कॉफी लागते. जास्त कॉफीला जास्त खत लागतं. म्हणजे एफडीही मोडायची आणि बिलही वाढवायचं. कार्बनच्या नजरेनं याहून वाईट सौदा नाही, आणि शेतकऱ्याच्या नजरेनं याहून सरळ सौदा नाही.

त्यात कायद्याची गाठ. कोडगूत जमिनीचे हक्क फार गुंतागुंतीचे. बऱ्याच जमिनींवर कॉफी मालकाची, पण त्यावर उभ्या देशी झाडांच्या लाकडावर हक्क सरकारचा. शिसव तुमच्या अंगणात, तुमच्या आजोबांनी सांभाळलेली, पण तिचं लाकूड तुमचं नाही. याउलट सिल्व्हर ओक. ब्रिटिशांच्या काळात ऑस्ट्रेलियातून आलेलं झाड. सरळसोट, लवकर वाढणारं, मिऱ्याच्या वेलाला खांब म्हणून झकास, आणि तोडायला, विकायला मोकळं. मग कोण शहाणा माणूस नाणा लावेल? देशी झाड पडलं की तिथे सिल्व्हर ओक उभा राहतो. संशोधक हे गेली वीस वर्षं सांगताहेत. झाडांची संख्या तीच दिसते, वरून फोटो काढला तर हिरवंही तेवढंच. जंगल मात्र हळूच बदलून जातं.

"मग कार्बन क्रेडिट?" मी विचारलं. काका हसले. गेल्या काही वर्षांत दोन-तीन सूटवाले येऊन गेले होते म्हणे. त्यांचा पहिला प्रश्न एकच : तुम्ही *नवं* काय करणार? नवी झाडं लावली तर पैसे. आहेत ती राखली, त्याचे नाहीत, कारण ती तुम्ही तशीही राखलीच असती. कार्बनच्या बाजारातला हा नियमच आहे, आणि तर्काला धरून आहे. पण आपल्याकडे एक न्याय असतो ना, नापास होणारा पोरगा पास झाला की सायकल, आणि दरवर्षी पहिला येणाऱ्याला 'छान'. तसंच हे. ज्यानं वीस वर्षांपूर्वी सगळं साफ केलं तो आज रोपं लावून पैसे घेणार. ज्यानं नाणा सांभाळला त्याला 'छान'.

निदान फूटप्रिंटच्या हिशेबात तरी जुन्या मळ्यांना थोडा न्याय आहे. गेल्या २० वर्षांत जंगल तोडून मळा केला असेल तर त्या तोडीचा कार्बन प्रत्येक किलो कॉफीवर वाटून लावतात. जुन्या मळ्यांवर हा बोजा शून्य. युरोपनं २०२३ मध्ये कायदाच केला : ३१ डिसेंबर २०२० नंतर जंगल तोडलेल्या जमिनीवरची कॉफी आम्ही घेणार नाही. त्याची अंमलबजावणी आतापर्यंत दोनदा पुढे ढकलली गेली आहे. आपली कॉफी इटली-जर्मनीला जाते, त्यामुळे नकाशावर मळ्याच्या हद्दी आखण्याचं काम इथे सुरू झालंय. पण हा कायदा बघतो जंगल तुटलं का. मळ्यातला नाणा जाऊन सिल्व्हर ओक आला, हे त्याला दिसणार नाही.

धुण्यातला धूर

एक गोष्ट पटकन. कॉफीचं फळ लाल, चेरीसारखं. ते सोलून, आंबवून, धुऊन काढलं की 'वॉश्ड' कॉफी, उच्चभ्रू. तशीच उन्हात वाळवली तर इथल्या भाषेत नुसतं 'चेरी', आणि तिला वर्षानुवर्षं दुय्यम भाव. धुतलेल्या कॉफीचं पाणी खड्ड्यात साचतं, कुजतं आणि मिथेन सोडतं. मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या साधारण २७ पट. त्यावर झाकण घालून बायोगॅस करता येतो, काही मोठे मळे करतात. पण गंमत अशी, की कार्बनच्या हिशेबात जिंकते ती अंगणात वाळलेली गावठी चेरी. आता तीच पद्धत 'नॅचरल' या नावानं शहरातल्या स्पेशालिटी कॅफेत दुप्पट भावाला मिळते. अर्थात काळजीपूर्वक वेचलेली आणि वाळवलेली, म्हणून चवही तशी. माझ्याकडून तरी फुल मार्क्स.

आधी करून दाखवलं कुणी?

कोस्टा रिकानं. छोटा देश, पण कॉफीत मुरलेला. तिथल्या डोता खोऱ्यातल्या कोपेडोटा नावाच्या सहकारी संस्थेनं २०११ मध्ये आपली कॉफी कार्बन न्यूट्रल म्हणून प्रमाणित करून घेतली, जगात पहिल्यांदाच. सहकारी संस्था म्हटल्यावर आपल्या कॉलर ताठ व्हायला हरकत नाही, तो प्रांत आपला! त्यांनी केलं काय? आधी मोजलं. मग खत कमी केलं. ड्रायरच्या भट्टीत लाकडाऐवजी कॉफीचंच टरफल जाळायला सुरुवात केली. उरलं तेवढ्याचे ऑफसेट घेतले. त्यानंतर तिथल्या सरकारनं आणि कॉफी संस्थेनं मिळून 'नामा कॅफे' ही देशभराची योजना आखली, शेत आणि प्रक्रिया दोन्हीतलं उत्सर्जन कमी करायची.

त्याच देशाच्या कॉफीवर २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मला फार आवडला, कारण तो प्यायलेल्या कपापर्यंत जातो. किलोभर हिरव्या कॉफीमागे एकूण ४.८२ किलो. त्यातले १.७७ कोस्टा रिकात, बाकीचे ३.०५ युरोपात. म्हणजे शेत, खत, गिरणी सगळं मिळून एक तृतीयांशाच्या थोडं वर. आणि एकट्या पिण्यात, म्हणजे मशीन तापवण्यात, पाणी उकळण्यात, ४५ टक्के!

म्हणजे आता आपली पाळी.

ऑफिसच्या पँट्रीतली केटल बघा. एक कप हवा असतो आणि आपण भरतो लिटरभर. लिटर पाणी उकळायला साधारण ०.१ युनिट वीज. आपली वीज अजून बरीचशी कोळशावरची, युनिटमागे सुमारे ०.७ किलो. म्हणजे ७० ग्रॅम, त्या ६० ग्रॅमवाल्या एस्प्रेसोपेक्षा जास्त, नुसत्या गरम पाण्याला. कपाएवढंच पाणी घातलं तर दहा-अकरा ग्रॅम. दिवसभर 'वॉर्म'वर बसलेलं कॉफी मशीन याहून वाईट. आणि दूध : लाटेचा आकडा एस्प्रेसोच्या दुप्पट होतो तो केवळ त्याच्यामुळे. ब्लॅक कॉफी प्या असं मी सांगणार नाही, मला स्वतःलाच ती आवडत नाही. पण 'लार्ज'ऐवजी 'स्मॉल' म्हणायला तोंड दुखत नाही.

कॉफी विकत घेताना मात्र जरा चौकशी करा. पॅकेटवर मळ्याचं नाव आहे का? सावलीतली आहे का, आणि सावली कशाची? आजकाल चांगले रोस्टर हे सांगतात, आणि जे सांगत नाहीत ते विचारल्यावर शोधून तरी काढतात. माझ्या नेहमीच्या कॅफेतल्या मुलाला विचारलं तर त्यानं चक्क मळ्यात फोन लावला. उत्तर आलं, "मिक्स." तेही उत्तरच. 'कार्बन न्यूट्रल' असा शिक्का दिसला तर कमी किती केलं आणि ऑफसेट किती घेतले, एवढं विचारा. शिक्क्यामागच्या माणसाला हा प्रश्न आवडत नाही, असा अनुभव आहे.

कूर्गहून निघायच्या दिवशी लाकडाचा व्यापारी आला होता. वरच्या तुकड्यातल्या चाळीस सिल्व्हर ओकचा भाव सांगून गेला. काकांनी हो म्हटलं. घराला पत्रे टाकायचे होते, नातवाची फी होती. चाळीसमधले पंधरा आधी, बाकीचे पुढच्या वर्षी, म्हणजे वेल एकदम उघडे पडणार नाहीत. रिकाम्या जागी काय लावायचं यावर पुतणीचं आणि त्यांचं जीपमध्येच वाजलं. ती म्हणे फणस आणि दादाप. ते म्हणे पुन्हा सिल्व्हर ओक, "तू मला शिसव विकून दाखव, मग बोल."

मागच्या आठवड्यात तिचा मेसेज आला. माती परीक्षणाचा रिपोर्ट हातात पडलाय. सेंद्रिय कर्ब उत्तम, वर्षानुवर्षांच्या पानगळीचा. कमतरता आहे ती पोटॅशची, आणि माती फार आंबट झालीय, तिला चुना हवा. युरियाची गरज होती त्याहून कितीतरी जास्त पडत होता. काकांनी खालच्या तीन एकरांत एक गोणी कमी करून बघायचं कबूल केलंय. फक्त तीन एकरांत, आणि फक्त एक वर्ष. नाण्याच्या बुंध्यावर मात्र तिनं पिवळ्या रंगानं '१' लिहिलाय आणि त्याखाली १५७. फणस की सिल्व्हर ओक, ते पावसाळ्यात ठरेल.